स्टेपनी डिस्क: हार्ड डिस्क गेली तरी दुकान चालू

खिळेजुळारी | शनिवार, रात्री ९:४०

बॅकअप कसा घ्यावा यावर इथं धाग्यांची कमी नाही. बहुतेकांत फायलींची चर्चा आहे: फोटो पेन ड्राइव्हवर टाका, एक्सेल क्लाउडवर टाका. बरोबरच आहे ते. पण ज्याचं पोट एका कॉम्प्युटरवर आहे त्याची अडचण निराळी. फायली सगळ्या शाबूत असतात, त्या उघडायला मशीन नसतं.

आमचं डीटीपीचं दुकान, सांगलीत. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, अधूनमधून एखादी स्मरणिका. मुख्य मशीनवर काय काय बसलंय बघा. पानं मांडायचं पेजमेकर ७, डिझाइनच्या कोरलड्रॉच्या दोन आवृत्त्या (जुनी फाइल नव्यात उघडली की मजकूर सरकतो, म्हणून दोन्ही लागतात), मराठी टायपिंगची श्रीलिपी, इतक्या वर्षांत साठलेले फाँट, प्लेटवाल्यानं दिलेली पीडीएफची सेटिंगं, आणि एका स्कॅनरचा ड्रायव्हर, जो आता कुठल्याच साइटवर मिळत नाही. पेजमेकर ७ आलं २००१ साली. त्याची सीडी आहे, ती घालायला ड्राइव्ह नाही. कोऱ्या डिस्कवर हे सगळं पहिल्यापासून बसवायचं म्हणजे दोन-तीन दिवस गेले, तेही लग्नसराईत.

म्हणून मी डिस्कची स्टेपनी ठेवतो. मशीनमध्ये ४८० जीबीची सॅटा एसएसडी (सॅटा केबलनं जोडायची, फिरणारी चकती नसलेली डिस्क) आहे. अगदी तशीच दुसरी कपाटात. दोन्हींवर कागदी टेप चिकटवलीय. एकीवर तांबड्या मार्करनं सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे, दुसरीवर निळ्यानं. खाली शेवटच्या क्लोनची, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढल्याची, तारीख. दुकानात पोरं पण "तांबडी आत आहे का निळी?" असंच विचारतात.

पद्धत अशी. दुकान बंद करताना विंडोज पूर्ण बंद करायचं, म्हणजे शिफ्ट दाबून धरून शटडाउन. नुसतं शटडाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपतं, पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) तशी खूण राहते आणि क्लोनझिला (क्लोन करायचं फुकट सॉफ्टवेअर) अडून बसतं. मग कपाटातली डिस्क यूएसबी-सॅटा केबलनं जोडायची, क्लोनझिलाच्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचं. "डिव्हाइस-डिव्हाइस", मग "बिगिनर", मग डिस्कवरून डिस्कवर. आधी कुठून ते विचारतं, मग कुठं.

इथं घाई नको. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं आणि कुठली आधी सापडली त्यावर ती बदलतात. कालची एसडीए आज एसडीबी असू शकते. म्हणून नावाकडं बघायचंच नाही. यादीत मॉडेल आणि सिरियल नंबर दिसतो, तो टेपवरच्या आकड्यांशी ताडून बघायचा. पुढं ते दोनदा "वाय" दाबायला लावतं. दुसऱ्या "वाय"च्या आधी मी परत एकदा टेप वाचतो.

भरलेला भागच कॉपी होतो, त्यामुळे १८० जीबीला यूएसबी ३ वर पंधरा-वीस मिनिटं. यूएसबी २ च्या भोकात केबल घातली तर मात्र जेवून या.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी धागा काढला. क्लोन झाला की बरेच जण तो कपाटात ठेवतात आणि निर्धास्त होतात. मी उलटं करतो. नवा क्लोन मशीनमध्ये बसवतो आणि मूळ डिस्क कपाटात ठेवतो. सोमवारी दुकान क्लोनवर चालू होतं. पत्रिका निघाली, प्रिंट आली, श्रीलिपी उघडली, म्हणजे क्लोन पास. काही गडबड दिसली तर मूळ डिस्क आहेच, तीही चालत्या अवस्थेत काढलेली. पुढच्या महिन्यात परत अदलाबदल. हवा आहे की नाही हे न बघता डिकीत ठेवलेल्या स्टेपनीचा काय भरवसा?

रोजच्या कामाच्या फायली वेगळ्या डिस्कवर आहेत, त्यांचा बॅकअप रोज संध्याकाळी वेगळा होतो. क्लोन फक्त मशीन उभं करण्यासाठी.

तुम्ही कसं करता ते लिहा.

वायरमन | शनिवार, रात्री १०:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). अदलाबदलीला तर +१००. क्लाएंटना हे सांगून घसा कोरडा पडला.

थोडी भर घालतो. विंडोजच्या डिस्कवर नुसता सी ड्राइव्ह नसतो. आधुनिक मशीनवर आधी १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन (मशीन चालू करणारा भाग), मग १६ एमबीचं मायक्रोसॉफ्टचं राखीव, मग सी, आणि शेवटी रिकव्हरी पार्टिशन. नुसता "सी" कॉपी केला तर डेटा येतो, मशीन चालू होत नाही. क्लोन नेहमी अख्ख्या डिस्कचा.

दुसरं, क्लोन झाल्या झाल्या दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज चालू करू नका. दोघींची ओळख एकच असते (एमबीआर या डिस्कच्या जुन्या मांडणीत डिस्क सिग्नेचर, जीपीटी या नव्या मांडणीत जीयूआयडी). विंडोजला जुळी डिस्क दिसली की ते एकीला ऑफलाइन टाकतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये "सिग्नेचर कोलिजन" असं येतं. घाबरून कोणी "ऑनलाइन" दाबतो, मग विंडोज त्या डिस्कची ओळख बदलून टाकतं, आणि ती डिस्क पुढं बूट होताना रुसते. क्लोनझिलातूनच पॉवर ऑफ करायचं, एक डिस्क काढायची, मग चालू करायचं.

तिसरं, मोठ्या डिस्कवर क्लोन केल्यावर जास्तीची जागा शेवटी मोकळी पडते आणि सी वाढवता येत नाही, कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं येतं. ते आधी सरकवावं लागतं. माप सारखं ठेवलं की ही कटकटच नाही. मात्र "४८०" लिहिलेल्या सगळ्या डिस्क सेक्टरच्या (डिस्कवरच्या बारीक कप्प्यांच्या) हिशेबानं तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही, आणि नवी डिस्क किंचितही लहान निघाली तर क्लोनझिला नाही म्हणतं. शक्यतो एकाच मॉडेलच्या दोन घ्या.

उंटावरचा_शहाणा | शनिवार, रात्री ११:०२

एवढा उपद्व्याप कशाला? सगळं क्लाउडवर ठेवा, डिस्क गेली तर नवीन घ्या, विंडोज टाका, लॉगिन करा. हाकानाका (हाय काय, नाय काय).

आणि डिस्क अशा किती मरतात? बॅकब्लेझ ही क्लाउड बॅकअप देणारी अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचे आकडे जाहीर करते. २०२३ मध्ये वर्षाला १.४० टक्के. दीड टक्क्यासाठी दर महिन्याला डिस्क उघडझाप? (हलकं घ्या.)

खिळेजुळारी | रविवार, सकाळी ७:३०

शहाणे, पेजमेकर ७ मध्ये "लॉगिन करा" कुठं असतं ते सांगा, आजच क्लाउडवर जातो.

दीड टक्का त्यांच्या वातानुकूलित खोलीतला. माझ्या मशीनच्या शेजारी कटिंग मशीन आहे, कागदाचा भुसा उडतो, आणि दिवसातून केव्हाही लाइट जाते. आणि स्टेपनी काही फक्त डिस्क मेली तरच लागते असं नाही. विंडोजचं अपडेट अर्ध्यात अडकलं, कोणा पोरानं कसला तरी फुकटचा फाँट उतरवला आणि मशीन कोलमडलं, तेव्हाही तीच लागते.

भोसरीकर | रविवार, सकाळी ९:१८

खिळेजुळारी यांचा धागा बघून राहवलं नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये हा प्रश्न डीटीपीपेक्षाही टोकाचा आहे.

आमच्याकडं एक जुनं वायरकट (तारेनं धातू कापायचं) मशीन. त्याचा कंट्रोलर म्हणजे कपाटात बसवलेला साधा पीसी, विंडोज एक्सपीवर. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण मशीनला त्याचं काही नाही, ते धातू कापतंय. त्यात ४० जीबीची आयडीई डिस्क, ती रुंद पट्टीसारखी ४० पिनांची केबल असलेली. मशीनचं सॉफ्टवेअर फक्त त्या डिस्कवर. बनवणाऱ्या कंपनीच्या इथल्या एजंटला विचारलं तर म्हणाला, हे मॉडेल आता आम्ही बघत नाही, नवीन घ्या. नव्या मशीनची किंमत ऐकून मी फोन ठेवला.

मग काढली डिस्क आणि क्लोन केली. कोणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

कंट्रोलरचा बायोस (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा प्रोग्रॅम) पेन ड्राइव्हवरून चालू होत नव्हता, म्हणून डिस्क बाहेर काढून ऑफिसच्या पीसीला आयडीई-यूएसबी अडॅप्टरनं जोडली. डिस्कच्या पाठीमागचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) मास्टरवर ठेवला, नाहीतर अडॅप्टर तिला ओळखतच नव्हता. काढायच्या आधी जंपर कुठं होता त्याचा मोबाइलवर फोटो. केबलचा, स्क्रूंचा, सगळ्याचा फोटो.

नवीन आयडीई डिस्क आता मिळतात त्या जुन्याच, कुठल्या तरी भंगार पीसीतून काढलेल्या. त्यापेक्षा कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि त्याला आयडीईचा अडॅप्टर. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या पिना मुळात आयडीईच्याच भाषेत बोलतात, त्यामुळे अडॅप्टर म्हणजे नुसती जोडणी. पण कॅमेऱ्याचं कार्ड घेऊ नका. ते स्वतःला "रिमूव्हेबल" म्हणवतं आणि एक्सपी अशा डिस्कवर नखरे करतं. इंडस्ट्रियल कार्ड घ्या, "फिक्स्ड डिस्क मोड" लिहिलेलं. आम्ही ६४ जीबी घेतलं. फार मोठं घेऊन फायदा नाही. जुन्या बायोसना १३७ जीबीच्या पुढचं दिसत नाही, आणि सर्व्हिस पॅक १ च्या आधीच्या एक्सपीलाही नाही.

फिरणारी चकती गेली याचा आणखी एक फायदा. शॉप फ्लोअरवर शेजारी प्रेस चालते, तिचा हादरा कंट्रोलरच्या कपाटापर्यंत येतो. कार्डाला त्याचं काही नाही. आता कार्ड मशीनमध्ये, मूळ डिस्क तेलाच्या वासाच्या कपाटातून काढून ऑफिसात, आणि दुसरं कार्ड तयार करून तिजोरीत.

एक इशारा. व्हीएमसीसारख्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग) मशीनवर फॅनक कंपनीचा कंट्रोल असेल तर पॅरामीटर, ऑफसेट हे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात, डिस्कच्या क्लोनमध्ये ते येणार नाहीत. त्यांचा बॅकअप मेमरी कार्डावर वेगळा. आणि ती बॅटरी बदलायची कंट्रोलला पॉवर चालू असतानाच. बंद करून काढली तर सगळं पुसलं जातं, मग कितीही क्लोन असू देत.

मोगरा | रविवार, दुपारी १२:५०

भोसरीकर, भारी प्रतिसाद.

माझा प्रश्न. मी एका सीए ऑफिसात आहे. सरांच्या लॅपटॉपवर टॅली, रिटर्नची युटिलिटी, बँकांची सॉफ्टवेअरं, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर. विंडोज ११. सप्टेंबरात ऑडिटच्या वेळेला काही झालं तर आम्ही संपलो. स्टेपनी करायची आहे. क्लोन केल्यावर या सगळ्याची लायसन्सं चालतील का? आणि सी ड्राइव्हवर कुलपाचं चित्र दिसतंय, त्याचं काय?

वायरमन | रविवार, दुपारी २:०५

मोगराताई, एकेक घेऊ.

विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. त्याच लॅपटॉपमध्ये डिस्क बदलली तर काही विचारत नाही. क्लोन दुसऱ्याच लॅपटॉपमध्ये घातला तर ॲक्टिव्हेशन मागेल. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट टोकनमध्ये असतं, डिस्कवर फक्त ड्रायव्हर. म्हणजे ते निर्धोक.

बाकी सॉफ्टवेअरचं दोन प्रकारचं असतं. काही जण पार्टिशनचा व्हॉल्यूम नंबर बघतात. तो क्लोनमध्ये जसाच्या तसा येतो, त्यामुळे चालतं. काही जण डिस्कच्या कारखान्यातला सिरियल नंबर बघतात. तो क्लोन होत नाही, त्यामुळे नवी डिस्क लावली की सॉफ्टवेअर "हे मशीन ओळखीचं नाही" म्हणतं. कुठलं कुठल्या गटात ते वापरून बघितल्याशिवाय कळत नाही. टॅलीचं लायसन्स परत ॲक्टिव्हेट करायची वेळ आली तर ज्या ईमेलवर ते नोंदलंय तो आणि पासवर्ड हाताशी लागतो. सरांना आजच विचारून ठेवा. सप्टेंबरात नको.

आता कुलूप. ते बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप; चावीशिवाय डेटा वाचता येत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवं विंडोज बसवून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर, अगदी होम आवृत्तीतही, ते आपोआप लागतं. लोकांना पत्ताही नसतो. क्लोनच्या दृष्टीनं याचे दोन रस्ते. चालू विंडोजच्या आतून क्लोन करणारं सॉफ्टवेअर वापरलं तर डेटा उघड्या रूपात वाचला जातो, म्हणजे क्लोनवर कुलूप नसतं. क्लोनवरून मशीन चालू करून बिटलॉकर परत लावायचं. बाहेरून, कुलूप न उघडता घेतला तर मोकळ्या जागेसकट सेक्टरनसेक्टर उचलावा लागतो. वेळ जास्त, पण कुलूपही सोबत येतं. कुलपाची चावी त्याच मदरबोर्डच्या टीपीएम चिपमध्ये असल्यानं सहसा क्लोन उघडतो. सहसा. नाही उघडला तर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो.

ती की हातात असल्याशिवाय क्लोनच्या वाटेला जाऊ नका. कुठं आहे ते शोधा आधी.

रत्नांग्रीचा_पाऊस | रविवार, दुपारी ४:३०

क्लोन केला मी पण. मूळ डिस्क आत, क्लोन यूएसबीला लावून चालू करून बघितलं तर निळा पडदा, "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". म्हणजे पैसे पाण्यात? इथं पावसाळा असल्यानं पाण्यात काहीही जाऊ शकतं म्हणा.

वायरमन | रविवार, दुपारी ४:४८

नाही हो. साधं विंडोज यूएसबीवरून चालू व्हायला बनवलेलंच नाही, क्लोन चांगला असला तरी ते असंच करेल. मूळ काढा, क्लोन आत बसवा, मग बघा.

आत बसवूनही हाच पडदा आला तर बायोसमध्ये सॅटाचा मोड एएचसीआय आणि रेड (सॅटा डिस्क हाताळायच्या दोन पद्धती) यांत उलटापालटा झालाय का पाहा. सॅटावरून एनव्हीएमईवर (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या, जास्त वेगवान एसएसडीवर) गेलात तरी कधी कधी होतं, कारण नव्या डिस्कचा ड्रायव्हर बूटच्या वेळी उठत नाही. एकदा सेफ मोडमध्ये चालू करून बंद केलं की बहुतेकदा सुटतं.

रत्नांग्रीचा_पाऊस | रविवार, संध्याकाळी ६:१०

चालला! आत बसवल्यावर पहिल्या फटक्यात. लॅपटॉपच्या खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात हे ज्ञानही झालं.

सोनकी | रविवार, संध्याकाळी ७:२२

मला क्लोनपेक्षा इमेज बरी वाटते. क्लोन म्हणजे एका डिस्कवर एकच तारीख. मशीनमध्ये चार दिवसांपूर्वी व्हायरस शिरला, काल तुम्ही क्लोन केलात, म्हणजे आता व्हायरसची पण स्टेपनी तयार. इमेज ही एक दाबलेली फाइल असते. दोन टीबीच्या एका डिस्कवर सहा महिन्यांच्या इमेज मावतात, हवी ती तारीख परत आणता येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तेव्हा ज्यांच्या बाह्य डिस्क मशीनला लावलेल्याच होत्या त्यांचे बॅकअपही कुलूपबंद झाले.

इमेजसाठी रेस्क्यूझिला वापरा. क्लोनझिलाचाच सोयरा, पण माउसनं चालतो. जुन्या धाग्यांत सगळीकडं मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्री सुचवलंय, त्या फुकट आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ ला संपला.

खिळेजुळारी | रविवार, रात्री ९:०५

सोनकी, तुमचा मुद्दा बिनतोड आहे, पण इमेज परत बसवायला वेळ लागतो, आणि ती बसवायला चांगली डिस्क लागतेच. गिऱ्हाईक समोर उभं असताना मला चार स्क्रू सोडून डिस्क बदलायची आहे, बस. म्हणून क्लोन. तुमच्यामुळं एक करेन: दर तिमाहीला एक इमेज काढून घरच्या डिस्कवर. स्टेपनी दुकानातच आहे, दुकानालाच आग लागली किंवा कृष्णेचं पाणी आलं तर दोन्ही डिस्क एकदमच जातील. २०१९ चा पूर सांगलीकर विसरलेले नाहीत.

दुपारची_झोप | रविवार, रात्री ९:४०

कपाटात एसएसडी ठेवली तर तिच्यातला डेटा उडून जातो असं वाचलं. खरं का?

सोनकी | रविवार, रात्री १०:१२

अर्धं खरं. एसएसडीत डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो आणि वीज नसताना तो हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेचं मानक असं आहे की घरगुती एसएसडी, तिचं लिहिण्याचं आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावरसुद्धा, ३० अंशांना बंद अवस्थेत एक वर्ष डेटा टिकवायला हवी. सर्व्हरच्या डिस्कला ४० अंशांना तीन महिने. नवी, कमी वापरलेली डिस्क याहून पुष्कळ जास्त टिकते. उष्णता वाढली की मुदत कमी होते, म्हणजे पत्र्याच्या छपराखालचं कपाट नको.

खिळेजुळारी दर महिन्याला अदलाबदल करतात, त्यांना ही चिंताच नाही. क्लोन करून पाच वर्षं लॉकरात ठेवणाऱ्यांनी मात्र साधी फिरणारी हार्ड डिस्क घ्यावी.

गावठाण | सोमवार, सकाळी ८:१५

तातडीचं आहे. घरच्या पीसीची हार्ड डिस्क, १ टीबी, टिक टिक आवाज करतेय. विंडोज दहा मिनिटांनी उघडतं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळं "कॉशन", पेंडिंग सेक्टरचा (नीट वाचता न येणाऱ्या कप्प्यांचा) आकडा रोज वाढतोय. आत्ता क्लोन करून घेऊ का? आईबाबांचे फोटो आहेत सगळे.

वायरमन | सोमवार, सकाळी ८:३१

थांबा. मशीन बंद करा आधी. वर सांगितलेली पद्धत चांगल्या डिस्कसाठी आहे. मरत्या डिस्कवर क्लोनझिला खराब सेक्टरला अडतं, आणि चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) तर अजिबात चालवू नका, ते त्या डिस्कला आणखी पळवतं.

यासाठी डीडीरेस्क्यू. लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा. उबुंटूमध्ये त्या पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे. त्याची खुबी अशी की ते आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतं, अडलं तिथं उडी मारून पुढं जातं. कुठं काय राहिलं ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. मग दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागांवर परत प्रयत्न. मध्येच लाइट गेली किंवा डिस्क गरम झाली म्हणून थांबवलं तरी मॅप फाइल असली की तिथूनच पुढं. मॅप फाइल तिसऱ्या जागी ठेवा, पेन ड्राइव्हवर चालेल. नवी डिस्क १ टीबी किंवा मोठी.

आणि "कुठून-कुठं" तीनदा वाचा. उलटं झालं तर फोटो गेले.

टिक टिकचा खडखडाट झाला, किंवा बायोसमध्ये डिस्क दिसेनाशी झाली, तर घरी काही करू नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या. तो डिस्क उघडायला स्वच्छ खोली वापरतो का ते विचारा. नुसतं "करून देतो" म्हणणाऱ्याकडं नको.

गावठाण | सोमवार, रात्री ११:५५

डीडीरेस्क्यू लावलंय. पहिली फेरी दुपारीच संपली, थोडेसेच तुकडे राहिलेत, ते रात्रभर चालू ठेवतो. फोटोंचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उघडताहेत. वायरमन, पुण्यात आलात की चहा माझ्याकडून.

आंबेहळद | मंगळवार, सकाळी १०:२०

मॅकवाल्यांसाठी एवढंच, की ही युक्ती आता आपल्याला फारशी लागू नाही. २०२० च्या बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीपासून सिस्टिमचा भाग सहीशिक्क्यानिशी बंद केलेला असतो. ॲपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये आतली डिस्कच गेली तर बाहेरच्या डिस्कवरून तो चालूच होत नाही, आणि बहुतेक मॉडेलांत आतली बदलताही येत नाही. टाइम मशीन (ॲपलचा बॅकअप) आणि दुसरा मॅक, एवढाच मार्ग. दुसऱ्या मॅकचा खर्च कोणी करावा हा वेगळा धागा.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, दुपारी १:१५

ते दोन खाचांचं डॉक मिळतं ना, मागं-पुढं डिस्क खोचून बटन दाबायचं, पीसी लागतच नाही? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पाहिलंय.

भोसरीकर | मंगळवार, दुपारी १:४०

आता उंटावरून उतरलात तर! आमच्याकडं आहे ते. चार दिवे असतात, पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. चालतं छान. पण ते आंधळं आहे. रिकाम्या जागेसकट अख्खी डिस्क उचलतं, लक्ष्य डिस्क लहान चालत नाही, आणि कुठली खाच "पासून" आणि कुठली "पर्यंत" हे बारीक अक्षरात कोरलेलं असतं. आम्ही त्यावर पेंटनं बाण काढलाय.

डिस्क घेताना ऑनलाइन दिसणाऱ्या "१६ टीबी, फक्त इतक्यात" अशा जाहिरातींना भुलू नका. आत छोटं कार्ड असतं, कंट्रोलर खोटं माप सांगतो, आणि खऱ्या मापापुढचं लिहिलेलं गायब. एच२टेस्टडब्ल्यू नावाची फुकट युटिलिटी पूर्ण डिस्क लिहून-वाचून बघते. नव्या डिस्कवर पहिल्या दिवशी तीच चालवायची.

मोगरा | बुधवार, सायंकाळी ५:३५

वायरमन, रिकव्हरी की शोधली. सरांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर नाही. शेवटी कळलं की लॅपटॉप आला तेव्हा सेटअप आमच्याकडच्या आर्टिकलशिपच्या मुलानं केला, स्वतःच्या ईमेलनं लॉगिन करून. की त्याच्या अकाउंटवर आहे. तो आता दुसऱ्या फर्ममध्ये आहे. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, तो मेल मी वापरत नाही, पासवर्ड बघतो."

वायरमन | बुधवार, सायंकाळी ५:५०

त्याच्या पासवर्डची वाट बघू नका. लॅपटॉप आत्ता चालू आहे ना, मग की तुमच्या हातातच आहे. कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर असेल तर "बॅक अप युअर रिकव्हरी की", मग प्रिंट. होम आवृत्तीत तो पर्याय दिसला नाही तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून मॅनेज-बीडीई या कमांडला प्रोटेक्टर (कुलपाच्या चाव्या) दाखवायला सांगा, ४८ आकडे पडद्यावर येतील. सरांच्या अकाउंटवरही एक प्रत चढवा.

मग नवी की तयार करून जुनी काढून टाका. जुनी त्या मुलाच्या मेलवर पडलेली आहे, आणि लॅपटॉपवर सगळ्या क्लाएंटचे पॅन, बँक स्टेटमेंट. बाहेर ठेवायची स्टेपनी पण कुलूपबंदच हवी, याच कारणानं.

मोगरा | बुधवार, सायंकाळी ६:४०

आकडे मिळाले. दोन प्रती छापल्या, एक सरांच्या घरी, एक ऑफिसच्या तिजोरीत. नवी की पण झाली. आता डिस्क मागवते. लॅपटॉपमध्ये २२८० मापाची (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) एनव्हीएमई आहे, तर डिस्क यूएसबीला जोडायचा बाहेरचा डबा एनव्हीएमईचाच लागेल ना? दुकानदार सॅटाचा देत होता.

वायरमन | बुधवार, सायंकाळी ६:५२

एनव्हीएमईचाच. दोन्ही एम.२ आकाराचे, दिसायला सारखेच, पण नुसत्या सॅटाच्या डब्यात एनव्हीएमई डिस्क ओळखलीच जात नाही. पावती घेऊन बदलून घ्या.